विंचवांची झुंज की मीलन? ओळखायचे कशावरून?

रानवाट
नमस्कार. विंचवांच्या वर्तनाविषयी एक प्रश्न आहे आणि त्यावर इथे सविस्तर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे. रात्री चित्रित केलेली एक चित्रफीत माझ्याकडे आहे. तीत एकाच प्रजातीचे वाटणारे दोन विंचू समोरासमोर उभे असून त्यांनी एकमेकांचे चिमटे घट्ट धरलेले आहेत. दोघांच्या शेपट्या वर उचललेल्या आहेत, त्या मधूनमधून एकमेकींना घासतात, आणि एकदा तर एकाने दुसऱ्याच्या पाठीवर शेपटीचा जोरदार फटका मारलेला स्पष्ट दिसतो. थोडा वेळ दोघे एका दिशेने सरकतात, थांबतात, पुन्हा सरकतात, आणि तिथेच चित्रफीत संपते. ज्यांना ती दाखवली त्यांच्यातील काहींनी ही झुंज असल्याचे ठामपणे सांगितले आणि काहींनी तितक्याच ठामपणे मीलन. कारण विचारले की 'दिसतेच आहे की' यापलीकडे उत्तर मिळत नाही. जाणकारांनी नेमकी लक्षणे सांगावीत. या धाग्यात चिमटे म्हणजे पुढचे पकडीचे अवयव आणि नांगी म्हणजे शेपटीच्या टोकाचा विषारी काटा असे धरून चालू, म्हणजे घोटाळा होणार नाही.

करडा_पक्षी
वर्णनावरून तरी ही झुंजच वाटते. शेपटी उगारलेली आहे, फटका मारलेला आहे, पकड सुटत नाही. आणखी कोणता पुरावा हवा? पुढचा भाग चित्रित झाला असता तर दोघांपैकी एक दुसऱ्याला खाताना दिसला असता.

निशाचर
शेपटीवरून निर्णय घेण्याची सवय प्रथम सोडायला हवी, कारण वर उचललेली शेपटी ही विंचवाच्या बाबतीत सर्वांत कमी माहिती देणारी गोष्ट आहे. घाबरलेला विंचू ती उचलतो, शिकारीवर झडप घालणारा उचलतो, आणि काही प्रजातींमध्ये मीलनाच्या आधी नर आणि मादी दोघेही ती सरळ उभी करून एकमेकांत गुंफतात. दक्षिण फ्रान्समधील पिवळसर विंचवांचे निरीक्षण करणाऱ्या झाँ-आँरी फाब्र यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या उभ्या शेपट्यांचे आणि त्यानंतर तासन् तास चालणाऱ्या जोडीच्या फेरफटक्याचे तपशीलवार वर्णन करून ठेवले आहे. शेपटीचा फटकाही दोन प्रकारचा असतो. नांगी आत दुमडून शेपटीच्या बोथट भागाने हाणलेला फटका मीलनाच्या वेळी आणि भांडणात, दोन्हीकडे दिसतो. नांगी पुढे रोखून, डोक्यावरून वळवून, कवचाच्या सांध्यातील मऊ जागा शोधत केलेला वार ही वेगळी गोष्ट आहे. चित्रफितीतील फटका यांपैकी कोणता होता, हे आपण वेग कमी करून पाहावे.

आता नजर चिमट्यांकडे आणि पायांकडे न्यावी. मीलनाच्या वेळी नर आपल्या चिमट्यांनी मादीचे चिमटे धरतो आणि एकदा पकड नीट बसली की ती सहसा बदलत नाही. मग तो बहुधा मागे मागे चालू लागतो आणि मादी त्याच्याबरोबर पुढे येते. म्हणजे दोन शरीरे असली तरी हालचालीची दिशा एकच असते. झुंजीत याच्या नेमके उलट असते. प्रत्येक जण आपल्या बाजूला ओढतो, पकड सतत सुटते आणि नव्या जागी बसते, कधी पायावर, कधी धडावर, आणि संधी मिळाली तर शेपटीवर, कारण प्रतिस्पर्ध्याची शेपटी धरून ठेवली की त्याची नांगी निकामी होते. आपण वर्णन केलेले 'एका दिशेने सरकतात, थांबतात, पुन्हा सरकतात' हे शब्द माझ्या दृष्टीने उगारलेल्या शेपट्यांपेक्षा कितीतरी अधिक वजनदार आहेत.

अष्टपाद
निशाचर यांच्याशी सहमत आहे, फक्त एक पुस्ती जोडतो. पहिल्या काही क्षणांत ही पकडीची कसोटी लागू पडत नाही. नर अनेकदा मादीला जिथे सापडेल तिथे, म्हणजे पायाला, शेपटीला किंवा अंगालाच प्रथम धरतो आणि मग सरकत सरकत चिमट्यांपर्यंत येतो. मादीही या वेळी शांत उभी राहतेच असे नाही. ती मागे ओढते, शेपटीने हाणते, क्वचित नांगीही रोखते. त्यामुळे भेटीचा आरंभ पाहणाऱ्याला झुंज दिसते आणि थोड्या वेळाने येणाऱ्याला मीलन दिसते, आणि दोघेही आपण डोळ्यांनी पाहिल्याची शपथ घेतात. ज्याने पूर्ण प्रसंग पाहिला नाही त्याने निदान कोणता भाग पाहिला एवढे तरी सांगावे.

आरंभीच्या टप्प्यात माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे नराचे थरथरणे. पाय जमिनीवर रोवून तो सगळे अंग पुढे-मागे जलद हलवतो, थांबतो, पुन्हा हलवतो. विंचवांची दृष्टी बेताचीच असते, मात्र त्यांच्या पायांवर जमिनीतील सूक्ष्म कंपने टिपणारी इंद्रिये असतात. वाळूत राहणारे विंचू तेवढ्या बळावर भक्ष्याची दिशा आणि अंतर ओळखतात. म्हणून हे थरथरणे म्हणजे 'मी भक्ष्य नाही' असे मादीला जमिनीमार्फत कळवण्याचा मार्ग असावा असे मानले जाते. मादी ज्या जमिनीवरून नुकतीच चालत गेली तिथे, ती प्रत्यक्ष समोर नसतानाही, नर असे थरथरू लागल्याच्या नोंदी आहेत, कारण तिच्या अंगावरील फेरोमोन, म्हणजे स्वजातीला संकेत देणारी रासायनिक द्रव्ये, मागे राहिलेली असतात. झुंजीला उतरलेला विंचू असे काही करत नाही. तो दबा धरतो, झेपावतो किंवा पळतो.

करडा_पक्षी
समोरासमोर उभे राहून चिमट्यात चिमटा अडकवणे झुंजीतही घडते, हे तरी आपण मान्य कराल. मग केवळ त्यावरून मीलन कसे ठरवता येईल?

निशाचर
मान्य आहे, आणि म्हणूनच पकडीपेक्षा पकड किती वेळ टिकते आणि त्या वेळात शरीराचे इतर अवयव काय करत असतात, हे पाहावे लागते. इथे कंगव्यांचा विषय येतो. विंचवाच्या पोटाखाली, पायांच्या शेवटच्या जोडीच्या मागे, कंगव्यासारख्या दातांचे दोन अवयव असतात. असे अवयव विंचवांखेरीज इतर कोणत्याही प्राण्याला नाहीत. ते जमिनीचा पोत आणि तिच्यावरील रासायनिक खुणा ओळखण्याचे काम करतात. नराचे कंगवे सामान्यतः मादीपेक्षा मोठे असतात आणि त्यांचे दात अधिक असतात, म्हणून प्रजाती माहीत असेल तर नर-मादी ओळखण्यासाठीही त्यांचा उपयोग होतो.

जोडीने फिरत असताना नर हे कंगवे पसरून जमीन चाचपत असतो. तो कशाचा शोध घेत असतो? टणक, बऱ्यापैकी सपाट जागेचा: दगड, काटकी, सालीचा तुकडा. विंचवांमध्ये शुक्राणू थेट मादीच्या शरीरात सोडले जात नाहीत. नर शुक्राणूंची एक देठ असलेली कुपी जमिनीला चिकटवतो आणि मग मादीला पुढे ओढून बरोबर तिच्यावर आणतो. मादीच्या पोटाखालील जननद्वाराचा त्या कुपीवर दाब पडला की तरफेसारखी रचना काम करते आणि शुक्राणू आत जातात. सगळा फेरफटका या एका क्षणासाठी असतो. तो काही मिनिटांत आटोपू शकतो किंवा कित्येक तास लांबू शकतो. जमीन भुसभुशीत असेल आणि योग्य जागा मिळत नसेल तर वेळ वाढत जातो. कुपीवर येण्याचा प्रसंग मात्र अगदी थोड्या वेळाचा असतो आणि पाहणाऱ्याची पापणी लवली तर निसटतो. फाब्र यांच्यासारख्या चिकाटीच्या निरीक्षकालाही या कुपीचा उलगडा झाला नव्हता. १९५५ मध्ये आंगरमान यांनी युरोपातील एका लहान विंचवाबाबत ती गोष्ट प्रसिद्ध केली आणि त्याच दशकात इतर खंडांतील विंचवांबाबतही तेच आढळले. निरीक्षण इतके जुने आणि उलगडा इतका अलीकडचा, यावरून या प्रसंगात डोळ्यांना दिसते ते किती फसवे असते याची कल्पना यावी.

सांगायचा मुद्दा असा की कंगवे पसरून जमीन चाचपणारा आणि जोडीदाराला घेऊन जागा शोधत फिरणारा विंचू झुंजत नसतो. झुंजणाऱ्याला जमिनीच्या पोताशी काही देणेघेणे नसते.

रानवाट
सर्वांचे आभार. चित्रफीत वेग कमी करून पुन्हा पाहिली. फटका मारताना नांगी आत दुमडलेलीच आहे. पकड संपूर्ण चित्रीकरणात एकदाही बदललेली नाही. कंगवे मात्र दिसत नाहीत, कारण चित्रीकरण वरून केलेले आहे. आणखी एक गोष्ट पूर्वी माझ्या नजरेतून सुटली होती: एके ठिकाणी दोघांची तोंडे एकमेकांना भिडतात आणि तिथे काहीतरी बारीक हालचाल होते. हे चावणे असू शकेल काय?

अष्टपाद
तोंडाशी विंचवाच्या जबड्यांची छोटी जोडी असते, तिच्याने तो भक्ष्य कुरतडतो. मीलनापूर्वी नर त्याच जबड्यांनी मादीचे जबडे धरतो आणि हलकेच मळल्यासारखे करतो. इंग्रजी लेखनात याला सरळ चुंबन म्हटलेले आढळते. मला ते नाव फारसे आवडत नाही, कारण एकदा ते वापरले की पुढचे सगळे वर्णन प्रेमकथेच्या अंगाने जाऊ लागते. याने मादीचा आक्रमकपणा कमी होतो असे समजले जाते. चावणे असते तर दोघांची तोंडे एकमेकांसमोर सरळ रेषेत आली नसती. एकाचे तोंड दुसऱ्याच्या पायाच्या सांध्यावर किंवा धडाच्या कडेला असते, आणि धरलेला विंचू सुटण्यासाठी धडपडत असता.

मृगशीर्ष
इथे एक अडचणीची बाब नोंदवतो, कारण वर 'नांगी रोखून केलेला वार म्हणजे झुंज' असा समज होण्याची शक्यता आहे. युस्कॉर्पियस या युरोपीय गटातील विंचवांमध्ये, तसेच आणखी काही विंचवांमध्ये, नर मीलनाच्या वेळी मादीला प्रत्यक्ष डंख मारतो. तो सहसा चिमट्याच्या सांध्याजवळील मऊ पडद्यावर मारलेला असतो आणि नांगी तिथे काही मिनिटे रुतलेली राहू शकते. मादी मरत नाही. ती शांत होते आणि पुढचे सगळे व्यवस्थित पार पडते. विंचू स्वतःच्या प्रजातीच्या विषाला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. तेव्हा डंख दिसला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. झुंजीतील वार झटपट आणि पुन्हा पुन्हा होतात. हा डंख एकच, संथ आणि लांबलेला असतो.

करडा_पक्षी
ठीक आहे. पण मीलनानंतर मादी नराला खाते हे तर सर्वश्रुत आहे. मग शेवटी एक विंचू दुसऱ्याला खाताना दिसला तर ते मीलन होते की झुंज, हे आपण कशावरून सांगणार? आणि दरवेळी शेवट तोच होत असेल तर या भेदाला अर्थ काय उरतो?

निशाचर
'दरवेळी' हा शब्द खरा नाही. मादी नराला खाते हे घडते, फाब्र यांनीही ते पाहिले होते, परंतु बहुसंख्य वेळा नर सुटतो. कुपीतील शुक्राणू मादीने घेतल्यानंतर तो पकड सोडतो आणि चटकन दूर होतो. कित्येकदा जाता जाता शेपटीचा एक फटकाही मारतो. पाहणाऱ्याला इथे दुसऱ्यांदा वाटते की भांडण झाले आणि हरलेला पळाला. प्रत्यक्षात ही पळापळ हा मीलनाचाच शेवटचा भाग आहे.

बंदिस्त जागेत मात्र चित्र बदलते, कारण पळायला वाव नसतो. काचेच्या पेटीत केलेल्या नोंदी वाचताना आणि तिथे चित्रित केलेल्या फिती पाहताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. नर दूर जाऊ शकत नाही, मादी भुकेली असू शकते, आणि जे मोकळ्यावर पळून जाण्यात संपले असते ते तिथे खाण्यात संपते. झुंजींचेही तसेच आहे. मोकळ्या जागी दोन विंचवांची गाठ पडली तर बहुधा एक जण माघार घेतो; पेटीत माघार घ्यायला जागाच नसते. मनोरंजनासाठी दोन विंचू एका भांड्यात सोडून केलेल्या चित्रफिती वर्तनाचा पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांत अनेकदा प्रजातीही वेगवेगळ्या असतात, मग मीलनाचा प्रश्नच उद्भवत नाही.

खाणे ही तिसरीच गोष्ट आहे, तिला झुंज म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. मोठ्या विंचवाने त्याच प्रजातीच्या लहान विंचवाला भक्ष्य म्हणून पकडणे अनेक ठिकाणी नित्याचे असते. उत्तर अमेरिकेतील वाळवंटी विंचवांचा दीर्घ अभ्यास केलेल्या गॅरी पोलिस यांनी स्वजातीचे विंचू हा त्यांच्या आहाराचा लक्षणीय भाग असल्याचे दाखवले आहे. अशा प्रसंगी थरथरणे, फेरफटका, जागेचा शोध यांपैकी काहीही नसते. झडप, पकड आणि जबड्यांचे काम, एवढेच. दोघांच्या आकारात मोठी तफावत असेल तर ही शक्यता प्रथम तपासावी. मात्र थोडी तफावत निर्णायक नाही, कारण पूर्ण वाढलेला नरही मादीपेक्षा सडपातळ असू शकतो आणि काही प्रजातींत त्याची शेपटी तिच्यापेक्षा बरीच लांब असते.

सांजवेळ
प्रश्न थोडा वेगळा आहे. दोन्ही नर असतील तर काय दिसते?

मृगशीर्ष
तेव्हा गोंधळ सर्वाधिक होतो. नर दुसऱ्या नरालाही मादी समजून थरथरत जवळ जाऊ शकतो आणि त्याचे चिमटेही धरू शकतो. समोरचा प्रतिसाद देत नाही, उलट ढकलतो किंवा हाणतो, आणि प्रसंग लवकर मोडतो. म्हणजे आरंभ मीलनाचा आणि शेवट झुंजीचा, अशी सरमिसळ. त्यातून कुपी जमिनीवर ठेवली जाण्यापर्यंत सहसा मजल जात नाही. पूर्ण वाढलेले नर विणीच्या हंगामात खूप भटकतात, त्यामुळे अशा गाठीभेटी अगदी दुर्मीळ नसतात. फक्त वरून काढलेल्या छायाचित्रावरून दोघांचे लिंग सांगण्याचा आग्रह कोणी धरू नये. काही प्रजातींत नराच्या चिमट्याच्या बोटांच्या मुळाशी एक खाच असते, तिच्यात मादीचे बोट नीट बसते आणि पकड पक्की होते. ती खाच दिसली तरच वरून काही सांगता येते.

अष्टपाद
याला जोडूनच आणखी एक फसगत सांगून ठेवतो, कारण छायाचित्रे घेऊन येणारे लोक तिच्यात वारंवार अडकतात. एक विंचू आणि त्याला चिकटलेला दुसरा, निपचित आणि फिकट, असे दृश्य असेल तर तो मेलेला प्रतिस्पर्धी नसून टाकलेली कात असू शकते. विंचू डोक्याच्या पुढच्या कडेने जुन्या कवचातून बाहेर येतो आणि मागे त्याची चिमटे-शेपटीसकट संपूर्ण प्रतिकृती राहते. अतिनील प्रकाशाचा दिवा असेल तर हा प्रश्न चटकन सुटतो. टाकलेली कात हिरवट-निळसर चमकते, आणि नुकताच बाहेर आलेला विंचू, त्याचे नवे कवच टणक होईपर्यंत, जवळजवळ चमकत नाही. झुंजीतील दोन्ही विंचू, मेलेला धरून, चमकतात.

रानवाट
अतिनील दिव्याचा उल्लेख आला म्हणून विचारतो: त्या प्रकाशाने त्यांच्या वर्तनावर परिणाम होतो का? आणि पुढच्या वेळी चित्रीकरण कसे करावे?

निशाचर
होतो. विंचू अतिनील प्रकाश टाळतात, त्यामुळे तो दिवा फक्त शोधण्यापुरता वापरावा आणि जोडी सापडल्यावर बंद करून मंद लाल प्रकाशावर काम करावे. प्रखर पांढरा झोत टाकला तर जोडी तुटू शकते, आणि मग आपणच घडवलेल्या पळापळीला आपण झुंजीचा शेवट म्हणून नोंदवू. जमिनीलगत, बाजूने चित्रीकरण करावे, म्हणजे पोटाखालचे कंगवे दिसतील. शक्य तितके सलग चित्रीकरण करावे आणि काटछाट करू नये, कारण पकड किती वेळ टिकली हीच तर मुख्य माहिती आहे. सुरक्षित अंतर ठेवावे. जमीन हादरली तरी त्यांना ते कळते. दोघांना सोडवण्याच्या हेतूने काडीनेसुद्धा मध्ये पडू नये. मीलन असेल तर ते मोडेल, झुंज असेल तर दोघांचेही लक्ष आपल्याकडे वळेल, आणि काही प्रजातींचा डंख माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

जोडी निघून गेल्यावर ती जिथे शेवटी थांबली होती तेथील दगड किंवा काटकी नीट पाहावी. रिकामी कुपी, म्हणजे काही मिलिमीटर उंचीचा, जमिनीला चिकटलेला, अर्धपारदर्शक देठ, तिथे उभा सापडला तर वाद संपतो. इतर सगळ्या खुणा शक्यता वाढवणाऱ्या आहेत, सिद्ध करणारी ही एकच. न सापडल्यास मात्र उलट निष्कर्ष काढू नये, कारण काही वेळा ती खाल्ली जाते आणि काही वेळा फेरफटका कुपीपर्यंत पोचतच नाही.

करडा_पक्षी
वरील सर्व लक्षणे जुळवून पाहता रानवाट यांच्या चित्रफितीत मीलनाचा फेरफटका आहे, हे मला आता पटते: नांगी दुमडलेली, पकड अढळ, चाल एका दिशेची आणि तोंडाची जवळीक. तरी ते यशस्वी झाले की नाही हे त्या फितीवरून सांगता येणार नाही, एवढे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

सांजवेळ
मीलन यशस्वी झाले असे धरले तर पिले कधी दिसतील? तीच मादी पुन्हा आढळली तर त्यावरून काही पडताळता येईल का?

मृगशीर्ष
लगेच नाही. प्रजातीनुसार गर्भकाळ काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंत, काहींत त्याहूनही अधिक असतो. पिले जिवंत जन्मतात आणि पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर राहतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच. परंतु त्यावरून त्या विशिष्ट रात्रीचा पडताळा होत नाही. काही प्रजातींच्या माद्या शुक्राणू साठवून ठेवतात आणि एका मीलनानंतर एकापेक्षा अधिक वेळा वितात, तर काही थोड्या प्रजातींमध्ये नराशिवायही पिले होतात. ब्राझीलमधील पिवळा विंचू हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्यामुळे पिले दिसली तरी ती कोणत्या भेटीची हे पाठीवरून मोजता येणार नाही; त्यासाठी त्या रात्रीची कुपीच शोधावी लागेल.